अप्पांचा दुसरा गुडघा

अप्पांचे दोन्ही गुडघे दुखायचे, पण मलम ते एकाच गुडघ्याला लावायचे. उजव्या. डावा त्यांनी तसाच ठेवला होता, तुलनेसाठी.

हे मला कळलं तेव्हा मी लातूरला त्यांच्याकडे भाड्याच्या खोल्या बघायला गेलो होतो. अप्पा व्हरांड्यात खुर्चीवर धोतर वर करून बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, बोटाला मलम, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरची एकाग्रता. उजवा गुडघा चकचकीत झाल्यावर त्यांनी डबीचं झाकण लावलं. नवीन माणसाकडे नवीन घरमालकाचं मन जिंकण्याच्या संधी कमी असतात, म्हणून मी पुढे होऊन म्हणालो, "अप्पा, दुसऱ्याला राहिलं वाटतं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ऱ्हायलं न्हाई. ठेवलंय. दोन्हीला लावलं आन बरं वाटलं, तर ते मलमानं वाटलं का आपलं आपण वाटलं, हे तुमी कसं सांगणार?"

मी सांगणार नव्हतोच. मी खोल्या बघायला आलो होतो.

अप्पा देवणीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. शाळा सुटली, विज्ञान सुटलं नाही. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना अप्पा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला अव्वा. अव्वांचं माहेर उदगीरच्याही पलीकडचं, त्यामुळे चिडल्या की त्या कानडीत जायच्या. आम्हाला त्यातलं काही कळायचं नाही, आणि अप्पांना सगळं कळायचं, अशी ती सोय होती.

माझं सांगायचं तर मी तेव्हा बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायचो. न आलेल्या गाडीबद्दल ठामपणे बोलणं हा माझा पेशा. "लोह्याहून निघाली, येतेच आहे," हे वाक्य मी इतक्यांदा आणि इतक्या प्रेमाने उच्चारलंय की घरीही बायकोने "गॅस आणलात का?" विचारलं की माझ्या तोंडून "निघालाय" असंच जायचं.

अप्पांकडे मागच्या बाजूला अगदी सारख्या दोन जागा होत्या. दोन खोल्या डावीकडे, दोन उजवीकडे, मध्ये एक भिंत. "डावीकडच्या तुमाला," अप्पा म्हणाले. "उजवीकडच्या कुणालाच न्हाई."

"कुणी येणार आहे का?"

"कुणीच येनार न्हाई. तेच तर पायजे. भाडेकरू भिंत किती खराब करतो आन हवापाणी किती खराब करतं, हे मला एकदा बघायचंय. एकीत माणसं, एकीत काईच न्हाई. जोडी पायजे ना!"

जोडी हा त्यांचा शब्द. कुठल्याही गोष्टीवर काही करून बघायचं, तर शेजारी तशीच एक गोष्ट काहीही न करता ठेवायची, तिला ते जोडी म्हणायचे. घरी येऊन मी बायकोला हे सगळं हसत हसत सांगितलं. ती नांदेडची. नांदेडच्या माणसांना लातूरच्या माणसांचं आधीच काही खरं वाटत नाही. "म्हणजे आपण उंदीर," ती म्हणाली. पण पाणी वेळेवर येतं म्हटल्यावर ती उंदीर व्हायला तयार झाली. लातुरात पाण्यासाठी माणूस याहून मोठ्या तडजोडी करतो.

वर्षभराने अप्पा बॅटरी घेऊन आले. आमच्या भिंती बघितल्या, मग शेजारच्या बघितल्या. रिकाम्या जागेतला गिलावा आमच्यापेक्षा जास्त सुटला होता. बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं, "तुमचा दोष न्हाई." आणि मग जरा थांबून, "सध्या तरी."

हे "सध्या तरी" त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी यायचं. अप्पा, जेवण झालं का? झालं, सध्या तरी. अव्वा घरात आहेत का? हायत, सध्या तरी. आमच्या ओळखीत एका मुलीचं लग्न जमलं, तेव्हा अप्पा तिच्या वडिलांना म्हणाले, "पोरगा चांगलाय, सध्या तरी," आणि पुढे वर्षभर त्या माणसाने यांच्या दारावरून जाणं सोडलं. खरं म्हणजे अप्पांच्या मनात वाईट काहीच नसायचं. उद्या नवीन पुरावा आला तर आजचं बोलणं मागे घेता यावं, एवढीच त्यांची इच्छा.

दारात मोगऱ्याच्या दोन सारख्या कुंड्या होत्या. रोज सकाळी अप्पा उजवीकडच्या मोगऱ्यापुढे उभे राहून दोन शब्द चांगले बोलायचे. "वा, काय फुटवा आलाय! शाब्बास!" असं. डावीकडच्याशी अवाक्षर नाही, त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. पाणी दोघांना मोजून सारखं. दोन्ही मोगरे अगदी सारखे वाढले, सारखे फुलले. अप्पांनी निष्कर्ष काढला की झाडांना बोललेलं कळतं ही अफवा आहे. तरी बोलणं चालूच ठेवलं, कारण प्रयोग अर्धवट सोडायचा नसतो. चपलांचंही तसंच. नवा जोड आणला की एकाच चपलेला तेल पाजायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनीच आपण होऊन एका डोळ्याचं आधी करू म्हटलं. इतका समंजस डॉक्टर आपल्याला आयुष्यात भेटला नव्हता, असं अप्पा पुढे कितीतरी दिवस सांगत होते.

एकदा मी खोडी काढायची म्हणून विचारलं, "अप्पा, लग्नाचं काय? त्याची जोडी?"

अप्पांनी स्वयंपाकघराकडे एकदा बघून आवाज खाली आणला. "त्या बाबतीत माझ्याकडं निष्कर्ष न्हाई. एकच नमुना हाय."

आतून आवाज आला, "ऐकू येतंय."

गुडघ्याचा निकाल मात्र गल्लीभर गाजला. महिन्याभरात उजवा गुडघा बरा झाला. आणि डावाही झाला. दोन्ही सारखेच. अप्पा डबी घेऊन थेट औषधाच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांच्या देखत त्यांनी दुकानदाराला शांतपणे समजावून सांगितलं की या मलमात काही दम नाही, गुडघे आपलं आपण बरे होतात. न लावलेला गुडघा त्यांनी तिथल्या तिथे पुरावा म्हणून दाखवला. दुकानदार बिचारा म्हणाला, "अप्पा, तुमचे दोन्ही बरे झाले ना? मग नाराज कामून हाव?"

अशा माणसाच्या हाती माझी मुलगी लागली.

ऋतुजा तेव्हा नववीत होती. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनातून लातूरमधून निवडलेले प्रयोग नांदेडला मोठ्या प्रदर्शनाला जायचे. तिला तिथे जायचं होतं, आणि त्याला कारण मी होतो. आदल्या वर्षी तिने पवनचक्की केली होती. ऐन प्रदर्शनात वारा पडला. बाप म्हणून माझं काही कर्तव्य आहे, अशा भावनेने मी टेबलाखाली चादरीआड बसून पवनचक्कीला फुंकर घालत होतो. चांगली चालली होती. मग चादरीची धूळ नाकात गेली आणि मी परीक्षकांच्या पायाशी शिंकलो. तेव्हापासून वर्गात तिचं नाव "फुंकर" पडलं. हजेरीला ती "उपस्थित" म्हणाली की मागच्या बाकावरून कोणीतरी फूऽऽ करायचं. वर्षभर. या वेळी खरोखरचा प्रयोग करून, खरोखर निवडून येऊन ते नाव पुसायचं, हे तिने ठरवलं होतं. मला अट एकच, "बाबा, तुम्ही टेबलापासून लांब."

माझ्या स्वतःच्या पोटात दुसरंच दुखत होतं. नांदेडला माझे साडू राहतात. त्यांच्या मुलाची पदकं दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहेत, आणि आम्ही गेलो की आम्हाला बरोबर त्या कपाटाखालच्या सोफ्यावर बसवतात.

ऋतूने विषय निवडला, अतिनील किरणांचा यीस्टवर होणारा परिणाम. यीस्ट म्हणजे बेकरीवाले पाव फुगवायला वापरतात ते खमीर, एवढं मला तिने समजावलं. ते जिवंत असतं हे ऐकून मी आजवर खाल्लेल्या पावांबद्दल क्षणभर हळहळलो. विषय अप्पांच्या कानावर गेला आणि त्यांना दोन्ही गुडघे पुन्हा एकदा बरे झाल्यासारखं झालं.

"जोडी ठेवनार ना?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"ठेवणार," ऋतू म्हणाली.

"हाव, मग बस."

अतिनील दिवा घरातच निघाला. पाणी शुद्ध करायच्या जुन्या यंत्रात तो असतो, आणि लातुरात पाण्याशी संबंध आलेली वस्तू बंद पडली म्हणून कुणी टाकत नाही. तो दिवा अप्पांनी अव्वांच्या लग्नातल्या लोखंडी ट्रंकेत आतून बसवला, बटण बाहेर काढलं. ट्रंकेतल्या साड्या दोरीवर गेल्या आणि अव्वा कानडीत गेल्या. नियम कडक होते. ट्रंकेचं झाकण लावल्याशिवाय बटणाला हात नाही, त्या उजेडाकडे बघणं नाही, कातडीवर घेणं नाही. बटण फक्त अप्पांनी दाबायचं, तेही मोतीबिंदूचा काळा चष्मा लावून. बटाट्याचं पाणी, साखर आणि चायना ग्रास शिजवून ऋतूने शाळेच्या काचेच्या बशांमध्ये त्याचा थर दिला. तेवढे दिवस आमच्या कुकरमध्ये वरण लागलं नाही. थरावर खमिराचं पाणी पसरायचं, बशीचं झाकण काढून ती ट्रंकेत ठेवायची, कारण हे किरण काचेतून जात नाहीत. किरण दिले की परत झाकण लावून बशी कपाटात. निम्म्या बशांना किरण द्यायचे, निम्म्यांना नाही. किरण दिलेल्यांत खमिराचे पांढरे ठिपके थोडे उगवणार, न दिलेल्यांत भरपूर. पुस्तकात असंच होतं.

दोन दिवसांनी कपाट उघडलं. न दिलेल्या बशा ठिपक्यांनी गच्च भरल्या होत्या. किरण दिलेल्यांपैकी काहींत अगदी चार-दोन ठिपके होते. इथपर्यंत ठीक. पण किरण दिलेल्याच बाकीच्या बशा, त्याच दिव्याखालच्या, तेवढाच वेळ ठेवलेल्या, त्या जवळजवळ भरल्या होत्या.

ऋतू बघत राहिली. मग तिचा चेहरा वाकडा व्हायला लागला. प्रदर्शन आठवड्यावर आलं होतं. "आता मला फुंकरच म्हणणार," ती म्हणाली आणि रडायला लागली.

माझ्यातला चौकशीचा माणूस जागा झाला. "अगं, त्यात काय? या भरलेल्या बशा बाजूला काढ. ज्यात कमी आलंय तेवढ्याच मांड. पुस्तकासारखं दिसतंय ना? न आलेल्या गाड्या आम्ही फळ्यावरून पुसतोच की."

"बशी फुटली म्हणायचं," बायकोने दुजोरा दिला. खोटं बोलण्यात आमचं एकमत व्हायला वेळ लागत नाही.

अप्पा म्हणाले, "न्हाई."

आम्ही वाट बघितली. पुढे "सध्या तरी" आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं वाक्य तिथेच संपलं, तेव्हा मी जरा घाबरलो.

"भरलेल्या बशा आदी मांडायच्या," ते म्हणाले. "ह्या खोटं बोलून ऱ्हायल्या न्हाईत. आपल्यालाच त्यांचं कळत न्हाई."

मग चौकशी सुरू झाली. अप्पांनी आम्हाला ओळीने उभं केलं. कपाट कुणी उघडलं? मी नाही. बायको नाही. ऋतू नाही. अव्वा आत ज्वारी निवडत होत्या, त्यांना विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शेवटी अप्पांनी भिंग आणून बशा बाहेरून तपासल्या. किरण देऊनही भरलेल्या प्रत्येक बशीच्या झाकणावर पिठाच्या बोटाचा एक पुसट ठसा होता.

येळवस तोंडावर आली होती. त्या अवसेला आमच्याकडे सगळा गाव शेतात जाऊन भज्जी आणि आंबील खातो, आणि घरोघर आधीच ज्वारीच्या पिठाची आंबील आंबायला घातलेली असते. पिठाचं बोट या घरात एकाच व्यक्तीचं होतं.

"अगं ए," अप्पांनी हाक मारली. "ह्या बशांना तू हात लावलास?"

अव्वा सूप घेऊन बाहेर आल्या. लपवायचा प्रश्नच नव्हता. "लावला की. आंबलीचं गाडगं उन्हात न्यायलं हुतं गच्चीवर. म्हनलं, हे बी आंबायचंच, आन ह्या थंडीत काळ्या कपाटात कोंडून ठेवलंय! परातीत मावल्या तेवढ्या नेल्या वर. तुमची पूजा हुईस्तोवर ऊन दाखवलं आन परत जागच्या जागी ठेवल्या. समद्या न्हाई मावल्या बगा, म्हणून जिवाला लागून ऱ्हायलं हुतं."

"किरन दिल्यावर नेल्या?"

"तुमी आंगुळीला गेलाव, तवा."

अप्पा हळूहळू खाली बसले. मला वाटलं, आता ओरडतात. पण त्यांचा चेहरा दिवाळीतल्या पोरासारखा झाला होता. "म्हंजे किरन सगळ्यांना सारखे. निम्म्या उन्हात, निम्म्या अंधारात. आन उन्हातल्या जगल्या!" त्यांनी अव्वांकडे असं बघितलं की जणू आज पहिल्यांदा बघत होते. "अगं, तू तर जोडी ठेवलीस!"

"म्या कशाला ठेवू जोडी?" अव्वा उसळल्या. "परात ल्हान पडली म्हणून झालं ते. तुमालाच दांडगी हौस, एकाला द्यायचं आन दुसऱ्याला तसंच ठेवायचं. मला न्हाई बघवत. त्या गुडघ्याचं बी..."

आणि त्या थांबल्या.

"गुडघ्याचं काय?" अप्पांनी विचारलं.

अव्वांनी सूप जोरात पाखडायला घेतलं.

"अगं, गुडघ्याचं काय?"

"डाव्याला म्या लावायची. तुमी दुपारी झोपल्यावर."

"कवापास्नं?"

"डबी आणल्यापास्नं."

मी बायकोकडे बघितलं, बायकोने छताकडे बघितलं. ऋतूचं रडणं थांबलं होतं. अप्पा आपल्या डाव्या गुडघ्याकडे बघत बसले, एखाद्या जुन्या मित्राने फसवल्यावर बघावं तसे.

"म्या दुकानात जाऊन त्या माणसाला समद्यांसमोर बोललो," ते म्हणाले.

"जावा मग, माफी मागून या."

"आन ती रिकामी खोली?"

"तिथं पापड-कुरडया वाळवायची म्या, म्हणून खिडक्या उगड्या. पाऊस आला की झोडपायचं आत."

अप्पांनी डोळे मिटून घेतले. "अजून काय काय केलंस?"

अव्वांनी जरासा विचार केला. "सध्या तरी एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा खरोखरच औषधाच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांच्या देखत त्यांनी आपलं म्हणणं मागे घेतलं. मलम कदाचित चांगलं असेल, असं म्हणाले. दुकानदाराने म्हणे त्यांना खुर्ची दिली आणि पाणी पाजलं.

इकडे ऋतूने दिवसभर मोबाइलवर शोधाशोध करून कारण काढलं. या किरणांनी खमिराच्या आतल्या बारीक धाग्याला गाठी बसतात, म्हणून ते मरतं. पण गाठी सोडवणारा एक कामगार खमिराच्या पोटातच असतो, आणि तो साध्या उजेडात कामाला लागतो. अंधारात गाठी अगदीच सुटत नाहीत असं नाही, पण थोड्या. काचेच्या झाकणाने मारणारे किरण अडवले आणि साधा उजेड आत सोडला, त्यामुळे गच्चीवरच्या बशा वाचल्या. ही गोष्ट शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होती, हे कळल्यावर अप्पा जरा खट्टू झाले.

"म्हंजे हिच्या आदी कुणीतरी उन्हात ठेवलं हुतं," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "त्याची बी बायको असंल."

पण एकदा झालेलं अप्पा झालं मानत नसत. सगळं परत करायचं ठरलं, आणि वेळ एकाच खेपेपुरता उरला होता. ही खेप बिघडली असती तर ऋतूच्या हातात आदल्या खेपेचा घोळ आणि मोबाइलवर वाचलेली माहिती, एवढंच राहिलं असतं. पुन्हा खमीर, पुन्हा बटाटे, पुन्हा आमच्या घरी वरण बंद. अव्वांना अधिकृतपणे गच्चीच्या प्रमुख नेमलं. निम्म्या बशा त्यांच्या परातीत, निम्म्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप. किल्ली अप्पांच्या जानव्यात बांधली असती, पण ते लिंगायत, गळ्यात जानवं नाही, लिंग होतं, आणि त्याला किल्ली बांधायला अव्वांनी साफ नकार दिला. किल्ली माझ्याकडे आली. "तुमच्याकडं म्हंजे सापडतच न्हाई," असं कारण अप्पांनी दिलं.

आणि त्या दिवशी आभाळ आलं. डिसेंबरात, लातुरात, जिथे आभाळाची वाट बघण्यात माणसाचं अर्धं आयुष्य जातं, तिथे नको तेव्हा ते भरून आलं. वारा बोचरा. ट्रंकेतून बशा निघाल्या आणि ऋतू गच्चीच्या जिन्यात उभी राहून रडकुंडीला आली. "ऊनच नाही, अप्पा."

"ऊन नसलं तरी उजेड हाय," अप्पा म्हणाले. "ठेव. उलट बरंच झालं. ऊब लागली म्हणून जगल्या का उजेडानं जगल्या, हे बी कळंल."

अव्वांना हे पटलं नाही. त्या शाल गुंडाळून परातीशेजारी बसून राहिल्या, वाऱ्याच्या बाजूने. अप्पांची पूजा आटोपेपर्यंत हलल्या नाहीत.

कपाट उघडायच्या सकाळी मी बसस्थानकावर होतो. चौकशीला आलेल्या माणसांना मी त्या दिवशी कोणत्या गाड्या सांगितल्या, देव जाणे. मुदखेडला जाणारी एक म्हातारी बहुतेक निलंग्याला गेली. मग फोन वाजला. ऋतू ओरडत होती, "बाबा, जगल्या! गच्चीवरच्या जगल्या!" मी आनंदाच्या भरात ध्वनिक्षेपकाचं बटण चालू ठेवून "जगल्या?" म्हणालो आणि ते सबंध स्थानकाने ऐकलं.

घरी आलो तर वाद चालू होता. "बगा, गारठा हुता तरी जगल्या," अप्पा म्हणत होते. "म्हंजे ऊब न्हाई, उजेडच."

"गारठा कुठला? म्या बाजूला बसले हुते की," अव्वा म्हणाल्या.

अप्पांनी एकदा परातीकडे, एकदा अव्वांच्या शालीकडे बघितलं. "ते खरंय," ते म्हणाले. "त्याची जोडी ठेवली न्हाई."

प्रदर्शनात मी भिंतीला टेकून, टेबलापासून लांब, हात मागे बांधून उभा होतो. परीक्षकांनी बशा बघितल्या, तक्ता बघितला. "अतिनील किरणांनी यीस्ट मरतं, असं आपण शिकतो. तुझ्याकडे तर जिवंत आहे. प्रयोग फसला का?"

"नाही सर," ऋतू म्हणाली. "आधी आमच्याकडून चूक झाली होती. मग तीच चूक आम्ही मुद्दाम परत केली."

परीक्षकांनी चष्मा काढला. "पहिल्यांदा कुणी केली?"

ऋतूने मागे बोट दाखवलं. अव्वा ठेवणीतलं इरकल नेसून खुर्चीत बसल्या होत्या. परीक्षक त्यांच्याकडे वळले. "आजी, बशा उजेडात ठेवायचं तुम्हाला कसं सुचलं?"

"उजेडात न्हाई, उबंला ठेवल्या," अव्वा म्हणाल्या. "गारठ्यात कुनाची वाढ हुती का, साहेब?"

"अव्वा, ऊब नाही, उजेड," ऋतू कुजबुजली.

"तुला काय ठावं? तू हुतीस का गच्चीवर?"

परीक्षक हसले, आणि कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलं. संध्याकाळी निवडलेल्यांत ऋतूचं नाव होतं. मागच्या बाकावरची पोरं आता तिला "आंबील" म्हणायला लागली. हे नाव तिला आवडलं, कारण ते तिने कमावलेलं होतं.

नांदेडला पदक साडूंच्याच मुलाला मिळालं. आम्ही परत त्या सोफ्यावर बसलो. पण चहा पिताना साडूंनी विचारलं, "यीस्ट म्हणजे ते पावातलं ना?" तेव्हा मी शांतपणे म्हणालो, "हो, सध्या तरी." त्यांना काही कळलं नाही. मला बरं वाटलं.

पुढे माझी बदली नांदेडलाच झाली. अप्पा गेल्याचं कळलं तेव्हा ऋतू कॉलेजात होती. आम्ही तिघं लातूरला भेटायला गेलो. दारात मोगऱ्याच्या दोन्ही कुंड्या होत्या, दोन्ही सारख्याच भरलेल्या, कळ्यांनी लगडलेल्या. मी विचारलं, "अव्वा, अप्पा बोलायचे तो मोगरा यातला कुठला?"

अव्वांनी दोन्हींकडे बघितलं. "मला न्हाई मालूम."

"अहो, उजवीकडचा ना? रोज बोलायचे की त्याच्याशी."

"उजवीकडं जो असंल त्याच्याशी बोलायचे," अव्वा म्हणाल्या. "कुंड्या म्या बदलायची. दर सोमवारी. एकाला शाब्बास, आन दुसऱ्यानं काय घोडं मारलं हुतं?"